चूल, शेगडी, इस्त्री आणि तापलेले पत्रे: एक्स्टेन्शनची वायर घरात कुठून न्यावी

एक्स्टेन्शनची वायर दोन बाजूंनी तापते. करंट वाहतो म्हणून आतून, आणि शेजारी चूल, शेगडी, इस्त्री किंवा तापलेला पत्रा असतो म्हणून बाहेरून. वायरमनला विचारा, तो म्हणेल, "लोड जास्त देऊ नका." घरातली मोठी माणसं म्हणतील, "शेगडीला चिकटू देऊ नका." दोघांचंही खरं आहे. पण दोन्हीकडची उष्णता शेवटी एकाच वायरीत साठते, आणि ही बेरीज सहसा कुणी करत नाही. मराठवाड्यात तर उन्हाळा स्वतःच त्या बेरजेत मोठा वाटा उचलतो.

हिशेब असा. घरोघरच्या साध्या पीव्हीसी वायरीचं आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेलं असतं. डिसेंबरात खोलीत २५ अंश असले तर वायरीला स्वतः तापायला ४५ अंशांची जागा उरते. मे महिन्यात परभणी, नांदेड, बीडकडे भर दुपारी खोलीतच ४२ अंश झाले, की उरतात २८. करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते, हे लक्षात घेऊन गणित मांडलं तर तीच वायर मे महिन्यात डिसेंबरच्या मानानं साधारण ८० टक्केच करंट सुखानं वाहू शकते. आता ती शेगडीमागच्या ५५ अंशांच्या हवेतून नेली तर जागा उरते १५ अंशांची आणि क्षमता येते ६० टक्क्यांच्याही खाली. वायर तीच, लोड तोच, फक्त जागा बदलली.

७० अंश ओलांडले की वायर लगेच पेट घेते असं मात्र नाही, आणि म्हणूनच लोक फसतात. पीव्हीसी मुळात कडक असतं. वायर मऊ राहावी म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळतात. उष्णतेनं ते हळूहळू बाहेर पडतं. वायर आधी चिकट लागते, मग ताठ होते, आणि एक दिवस वाकवताना तडकते. त्या भेगेत पाणी गेलं, तेलाची वाफ बसली किंवा आतल्या तांब्याच्या दोन तारा एकमेकींना भिडल्या, की मग शॉर्ट सर्किट. पेपरात "शॉर्ट सर्किटने आग" असं एका ओळीत येतं, पण त्या वायरीचं मरण कित्येक महिने आधी सुरू झालेलं असतं.

"आमच्याकडे एमसीबी आहे, काही झालं तर पडेल," असं बरेच जण म्हणतात. एमसीबी म्हणजे बोर्डातलं, करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बटण. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरच्या वर बराच करंट गेला की पडतो. तुमच्या बारीक वायरीतून १० अँपिअर जात असतील आणि ती वितळत असेल, तर एमसीबीच्या लेखी सगळं ठीक चाललेलं असतं. सैल पिनचंही तेच. पिन आणि सॉकेटच्या पत्तीत अर्ध्या ओहमचा अडथळा आला आणि साडेसहा अँपिअर करंट चालू असला, तर तेवढ्याशा जागेत वीस वॅटच्या वर उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग साधारण २५ वॅटची असते आणि ती कथील वितळवते. एमसीबीला यातलं काहीच कळत नाही. आरसीसीबी गळणारा करंट ओळखतो, जिवाला वाचवतो, पण तापणारी वायर त्यालाही दिसत नाही. म्हणून अंतर आणि लोड या दोन गोष्टींकडे आपल्यालाच लक्ष द्यावं लागतं.

पहिली पायरी: घरभर एक फेरी

एक कागद घ्या आणि घराचा ओबडधोबड नकाशा काढा. त्यावर उष्णतेच्या जागा लिहा. शेगडी, चूल, बंब, इस्त्रीची जागा, देवघरातली समई या लगेच आठवतात. हमखास विसरल्या जाणाऱ्या जागा वेगळ्याच असतात: फ्रीजची मागची बाजू, इन्व्हर्टर, सोलर हीटरहून येणारा गरम पाण्याचा पाइप, एसीच्या बाहेरच्या युनिटमधून येणारी गरम हवा, पश्चिमेची उन्हानं भाजणारी भिंत, आणि पत्र्याचं घर असेल तर डोक्यावरचा सगळा पत्रा.

ही फेरी दुपारी दोन-तीनच्या सुमाराला मारा. सकाळी गार असलेली भिंत तेव्हा हात ठेवू देत नाही. भिंतीवर हाताची मागची बाजू ठेवा आणि दहापर्यंत मोजा. मधेच हात काढावा लागला, तर ती जागा वायरीसाठी बाद. वायरीवर मात्र, ती चालू असताना, ही परीक्षा करू नका. तिची पद्धत पुढे सांगतो.

नंतर त्याच कागदावर आत्ता चालू असलेल्या एक्स्टेन्शनच्या वायरी लाल पेनानं काढा. ज्या घरात प्रत्येक खोलीला एकच बोर्ड आहे, तिथं लाल रेघांचं जाळं दिसतं आणि बहुतेक रेघा स्वयंपाकघराच्या दारात एकत्र येतात. नेमकी कुठली रेघ उष्णतेच्या खुणेवरून जाते, हे कागदावर चटकन दिसतं.

दुसरी पायरी: वॅटला २३० नं भागा

प्रत्येक उपकरणाच्या पाठीवर किंवा तळाशी वॅट छापलेले असतात. त्यांना २३० नं भागलं की अँपिअर मिळतात. पाण्यात सोडायचा रॉड १५०० वॅटचा असेल तर साडेसहा अँपिअर. इंडक्शन शेगडी २००० वॅटची, म्हणजे पावणेनऊच्या आसपास. इस्त्री १००० वॅट, सव्वाचार. चहाची इलेक्ट्रिक किटली १५०० वॅट, पुन्हा साडेसहा. मिक्सर ७५० वॅट, सव्वातीन. कूलर, टीव्ही, मोबाइलचं चार्जर, एलईडीच्या माळा यांचा करंट मामुली असतो. त्यांची वायर स्वतःच्या लोडनं तापत नाही, बाहेरून तापली तरच बिघडते.

बाजारात मिळणारे बहुतेक पांढरे एक्स्टेन्शन बोर्ड ६ अँपिअरचे असतात. ६ गुणिले २३० म्हणजे १३८०. याचा अर्थ १५०० वॅटचा एकटा रॉडसुद्धा त्या बोर्डाला झेपत नाही, मग चार सॉकेट भरण्याची गोष्टच सोडा. लातूरला शिकायला आलेल्या मुलांच्या भाड्याच्या खोल्यांत सकाळी सहा वाजता एकाच बोर्डावर किटली आणि इस्त्री सोबत चालू असते. ते होतात २५०० वॅट, म्हणजे जवळपास ११ अँपिअर, तेही गादीखालून गेलेल्या वायरीतून. खोली भाड्यानं देणाऱ्यांनी प्रत्येक खोलीत एक १६ अँपिअरचा पॉइंट काढून दिला, तर या लेखातलं निम्मं त्यांच्यापुरतं गरजेचं राहणार नाही.

माझा नियम कडक आहे. पाणी किंवा अन्न तापवणारी कुठलीही वस्तू, आणि एसीही, एक्स्टेन्शनवर लावायचा नाही. रॉड, गिझर, इंडक्शन, किटली, एसी या सगळ्यांना भिंतीतला १६ अँपिअरचा पॉइंट. ते खरंच अशक्य असेल तेव्हाच पुढची पायरी वाचा.

तिसरी पायरी: वायर आणि बोर्ड घेताना

दुकानात नुसतं "एक्स्टेन्शन द्या" म्हणू नका. "तीन कोअर, दीड एमएम, तांब्याची" असं सांगा. तीन कोअर म्हणजे आत अर्थसकट तीन तारा, आणि एमएम म्हणजे तारेच्या छेदाचे चौरस मिलिमीटर. तयार बोर्डांना पुष्कळदा अर्धा किंवा पाऊण एमएमची वायर असते. टीव्ही-चार्जरला ती पुरते, इस्त्रीला पाऊण एमएम कशीबशी चालते, त्यापुढे नाही. मोठ्या लोडला अडीच एमएम घ्या आणि टॉप (पिनांचा प्लग) व सॉकेट दोन्ही १६ अँपिअरचे घ्या. वायरीच्या अंगावर आकार आणि आयएस ६९४ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असतो. टॉप आणि सॉकेटसाठी आयएस १२९३. आयएसआयचं चिन्ह दोन्हींवर हवं. वायर जाड दिसते म्हणून भुलू नका, कारण प्लॅस्टिक जाड आणि आत तांब्याचे चार केस, असाही माल आठवडी बाजारात सर्रास मिळतो. वायरीचं टोक सोलून ब्लेडनं तार खरवडा. वरचा लाल थर निघून खाली पांढरं दिसलं, तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. दुकानदाराला परत करा.

कुठल्याही देशाची पिन बसेल अशी भोकं असलेले बोर्ड टाळा. सगळ्यांना बसतं ते कुणालाच घट्ट बसत नाही, आणि सैल पिन किती तापते ते वर सांगितलंच आहे. १६ अँपिअरच्या जाड पिनेला कन्व्हर्टर लावून ६ अँपिअरच्या बोर्डात खुपसणं याच जातीचं. आणि टॉपच नसेल तर सोललेली वायर सॉकेटमध्ये घालून वर काडेपेटीतली काडी ठोकायची, ही आपल्याकडची जुनी युक्ती. ती काडी लाकडाची असते, सैल होते, ठिणग्या उडतात आणि मग ती काडीच पेटते. नव्या टॉपला फार पैसे लागत नाहीत.

"एचआर" असं छापलेल्या पीव्हीसी वायरीचं आवरण ८५ अंशांपर्यंत टिकतं. भिंतीत नवं वायरिंग करताना, विशेषतः पत्र्याच्या घरात, अशी वायर मागून घेणं शहाणपणाचं आहे. "एफआर" म्हणजे आग पसरू न देणारी. तिच्या नावानं ती जास्त उष्णता सोसते असा समज आहे, पण ते दोन वेगळे गुण आहेत. सिलिकॉन रबराची वायर १८० अंश सोसते, मात्र ती हीटर आणि भट्टीच्या आतल्या कामासाठी. ती आणून शेगडीमागून एक्स्टेन्शन नेण्याचा विचार करू नका, कारण टोकाचा बोर्ड आणि टॉप शेवटी प्लॅस्टिकचेच असतात.

चौथी पायरी: वाट ठरवणं

खरं काम इथंच आहे. उष्णता वर जाते, ही एक गोष्ट धरून ठेवली की निम्मे निर्णय आपोआप होतात. शेगडीच्या बाजूला फूटभर अंतरावर जी वायर निर्धास्त असते, तीच शेगडीच्या वर तीन फुटांवर भाजून निघते.

*स्वयंपाकघर.* शेगडीच्या कडेपासून आडव्या दिशेनं किमान फूट-दीड फूट सोडा. शेगडीच्या वर आणि शेगडीच्या मागच्या भिंतीवर काहीही नको, ना वायर, ना बोर्ड, ना मोबाइल चार्जिंगला टांगलेला. मिक्सरसाठी लांबून एक्स्टेन्शन आणायचं असेल तर शेगडी ओट्याच्या ज्या टोकाला आहे त्याच्या विरुद्ध टोकाला मिक्सर ठेवा. वायर ओट्यावर आडवी पसरू नका, भिंतीला धरून न्या. फोडणीच्या तेलाचा चिकट थर वायरीवर बसतो, त्यावर धूळ बसते, आणि तेलानं पीव्हीसीही खराब होतं. पिन काढून महिन्यातून एकदा ओलसर फडक्यानं पुसा, पूर्ण वाळल्यावरच लावा.

"मग वायर ओट्याखालून नेतो," असं कुणाच्याही मनात येईल. तिथं सिलिंडर असतो. गॅस हवेपेक्षा जड आहे. गळाला तर जमिनीलगत साचतो. बटण दाबताना, पिन काढताना बारीक ठिणगी पडतेच. म्हणून सिलिंडरच्या शेजारी, जमिनीजवळ, एक्स्टेन्शनचा बोर्ड ठेवायचा नाही. गॅसच्या नळीला वायर बांधणं, दोन्ही एकाच भोकातून काढणं हेही नको. ओट्याच्या पातळीच्या वर, शेगडीपासून लांब, भिंतीला धरून, एवढी एकच वाट स्वयंपाकघरात उरते. ती सापडत नसेल तर त्या स्वयंपाकघराला एक्स्टेन्शन परवडत नाही, तिथं नवा पॉइंटच काढायला हवा.

*चूल आणि बंब.* खेड्यात गॅस असला तरी भाकरी आणि अंघोळीचं पाणी अजून चुलीवर, बंबावर होतं. ठिणग्या उडतात, जळतं लाकूड बाहेर सरकतं, आणि काजळीचा थर वर्षानुवर्षं साचतो. चुलीपासून किमान तीन-चार फूट सोडा, आणि चुलीच्या माथ्यावरच्या आढ्याला कधीही वायर बांधू नका. माळवदाच्या घरात तर तुळयांना खिळे ठोकून वायर नेलेली असते आणि धुरानं ती इतकी काळी होते की भेग पडली तरी दिसत नाही. दिवा हवा असेल तर चुलीच्या समोरच्या भिंतीवर लावा. बंबाच्या धुराड्याचा पत्रा हात भाजेल इतका तापतो, त्याला टेकलेली वायर काही दिवसांत वितळते.

*न्हाणी.* इथं उष्णतेपेक्षा पाणी घातक. रॉडसाठी एक्स्टेन्शन न्हाणीत नेऊ नका. नाइलाज असेल तर बोर्ड न्हाणीच्या बाहेर, कोरड्या जागी, छातीच्या उंचीवर टांगा. रॉड आधी पाण्यात, मग बटण. काढताना आधी बटण, मग पिन, मग रॉड. घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग नसेल तर हा नाइलाजसुद्धा नको. उन्हाळ्यातल्या कूलरला हेच लागू. त्याचा करंट कमी असतो, पण लोखंडी पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि अर्थची पिन मोडलेला टॉप, यांनी दर उन्हाळ्यात माणसं दगावतात.

*इस्त्री.* सुती कपड्यावर ठेवलेल्या इस्त्रीचा तळ दोनशे अंशांच्या आसपास तापतो. इस्त्रीला कंपनी कापडी विणीची, आत रबर असलेली वायर देते ती दिसायला बरी म्हणून नव्हे. चुकून तळाला लागली तर ती पीव्हीसीसारखी लगेच वितळत नाही. ती वायर खराब झाल्यावर मात्र बरेच दुरुस्तीवाले हातात असेल ती पीव्हीसी वायर जोडून देतात. "इस्त्रीचीच वायर लावा" असं ठासून सांगा. एक्स्टेन्शनचा बोर्ड इस्त्रीच्या टेबलावर ठेवू नका. तुम्ही उजव्या हातानं इस्त्री फिरवत असाल तर वायर उजव्या बाजूनं, मागून येऊ द्या, म्हणजे ती तळाखाली येत नाही. जमिनीवर सतरंजी टाकून इस्त्री करणाऱ्यांनी सतरंजीखालून वायर आणू नये.

*देवघर, महालक्ष्म्या, नवरात्र.* वर्षभर धड असलेलं घर या दिवसांत धोक्यात येतं. मराठवाड्यात महालक्ष्म्या (गौरी) बसतात तेव्हा मागं साड्यांचे पडदे, पुढं समया, वर माळा, बाजूला फोकस, आणि हे सगळं एका बोर्डावर, पहिल्या बोर्डात दुसरा बोर्ड खोचून. एलईडी माळांचा लोड किरकोळ असतो, पण जुने हॅलोजन फोकस पाचशे वॅटचे असतात आणि त्यांची काच वायर जाळण्याइतकी तापते. तुळजापूर-माहूरच्या देवीचं कुळ असलेल्या घरांत नवरात्रात नऊ दिवस अखंड नंदादीप असतो, म्हणजे रात्री सगळे झोपलेले असतानाही ज्योत चालू. ज्योतीच्या वरची हवा दीड-दोन फुटांपर्यंत कडक तापलेली असते. म्हणून माळेची वायर दिव्याच्या माथ्यावरून आडवी जाऊ देऊ नका. बाजूनं हातभर अंतर ठेवा, आणि दिव्याला काच असेल तर उत्तम. झोपताना माळा बंद करून बोर्डाची पिन काढून ठेवा, देवीला नंदादीप पुरतो.

थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी जुनी मखरं माळ्यावर असतातच. पीव्हीसीची वायर थर्माकोलला टेकून राहिली की वायरीतलं ते मऊपणाचं द्रव्य थर्माकोलमध्ये उतरतं. थर्माकोल विरघळल्यासारखं खचतं आणि वायर कडक होते. त्यासाठी उष्णताही लागत नाही, असली तर काम लवकर होतं. गेल्या वर्षी मखरात गुंडाळून ठेवलेली माळ यंदा वापरू नका.

*पत्र्याचं घर.* मे महिन्याच्या उन्हात पत्रा साठ अंशांच्या पुढे जातो. त्याला चिकटून गेलेल्या साध्या वायरीला स्वतः तापायला दहा अंशही उरत नाहीत. वायर पत्र्यापासून किमान वीतभर खाली, भिंतीवर पट्टीत घालून न्या. पत्र्याखालच्या लोखंडी पाइपालाही बांधू नका, तोही तापतो. दुसरा धोका याहून मोठा. पत्र्याची कड धारदार असते, वाऱ्यानं वायर घासते, कडक झालेलं आवरण कापलं जातं आणि सगळ्या पत्र्यात करंट उतरतो. मग पावसाळ्यात दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्याला, ओल्या कुडाला हात लावणाऱ्याला झटका बसतो. पत्र्याच्या भोकातून वायर काढायचीच असेल तर आधी भोकात जाड पीव्हीसी पाइपाचा तुकडा बसवा आणि वायर त्यातून न्या. गोठ्यातल्या दिव्यासाठी उघड्यावरून ओढलेली साधी वायर उन्हानं एक-दोन उन्हाळ्यांतच तडकते. तिथं पाइपातून वायर न्यावी.

*फ्रीज, सोलर.* फ्रीजमागच्या कॉम्प्रेसरला वायर टेकू नये, एवढंच पाहा. फ्रीज भिंतीला चिकटवला की नेमकं तेच होतं. सोलरच्या गरम पाइपाला "आधार आहे" म्हणून वायर बांधली जाते, ती सोडवून घ्या.

*कापूस.* भाव वाढेल म्हणून वेचलेला कापूस घरातच ठेवणारी कितीतरी घरं जालना, परभणी, बीडकडे आहेत. बैठकीत छतापर्यंत कापूस, आणि त्यातच कुठंतरी दबलेला एक्स्टेन्शनचा बोर्ड. कापसाखाली गेलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडूच शकत नाही, त्यामुळे कमी लोडवरही ती तापत जाते, आणि ठिणगी पडली तर विझवायला वेळ मिळत नाही. कापूस भरण्याआधी त्या खोलीतली एक्स्टेन्शन काढून घ्या. त्या खोलीचा एमसीबी वेगळा असेल तर तो बंद करून ठेवा. उजेड दुसऱ्या खोलीतून किंवा बॅटरीचा. कडबा आणि सोयाबीनच्या पोत्यांनाही हेच, आणि तिथं उंदीर वायर कुरतडतात ते वेगळंच.

पाचवी पायरी: वायर बसवणं

वायरीचं भेंडोळं पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरीत मधल्या वेटोळ्यांची उष्णता अडकते. दहा मीटरची वायर आणून तीन मीटर वापरायची आणि उरलेली गुंडाळून कपाटामागे टाकायची, यापेक्षा तीन मीटरचीच घ्या. खिळा वाकवून वायर दाबू नका, प्लॅस्टिकच्या क्लिपा किंवा पट्टी वापरा. दाराच्या फटीतून, चटईखालून, पलंगाच्या पायाखालून वायर नको. मधे जोड नको. टेप गुंडाळलेला जोड गार हवेत टिकतो, मे महिन्यात त्याचा गोंद पातळ होऊन टेप सुटते. बोर्डात बोर्ड खोचायचा नाही. बोर्ड जमिनीवर न ठेवता भिंतीला टांगा.

सहावी पायरी: अर्ध्या तासाची चाचणी

नेहमीचा लोड लावून अर्धा तास चालू द्या, दुपारच्या वेळी, शेजारची शेगडीही पेटलेली असताना. मग बटण बंद करा, पिन काढा आणि कोरड्या हातानं लगेच तपासा. पिनांच्या धातूला थेट हात लावू नका, टॉपच्या प्लॅस्टिकला लावा. किंचित कोमट असेल तर चालेल. गरम लागलं तर पिन सैल आहे किंवा लोड जास्त. मग वायर सगळ्या लांबीवर चाचपा. सगळीकडे सारखी गरम असेल तर वायर बारीक आहे. एकाच जागी गरम असेल तर तिथं बाहेरची उष्णता लागते आहे किंवा आत तार तुटली आहे. या फरकावरून दुरुस्ती ठरते.

ही तपासणी वर्षातून दोनदा, मार्चच्या शेवटी आणि महालक्ष्म्यांच्या आधी करा. वायर बोटाभोवती हलकेच वाकवा. तडकली, पांढुरकी झाली, चिकट लागली, तर ती बाद. सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी डाग दिसला तर बोर्ड बाद.

रात्री लाईट येते-जाते तेव्हा तापणारं उपकरण चालूच राहिलेलं असतं, हेही ध्यानात ठेवा. लाईट गेल्यावर इस्त्री तशीच कपड्यावर ठेवून माणूस उठतो, आणि पहाटे लाईट येते. लाईट गेली की आधी बटण बंद करायची सवय घरातल्या पोरांनाही लावा.

वास आला, धूर दिसला तर

जळक्या प्लॅस्टिकचा किंवा कधीकधी मासळीसारखा वास येतो. तो शोधत बसण्याआधी मेन स्विच बंद करा. तापलेली पिन ओढायला जाऊ नका, हाताला वितळलेलं प्लॅस्टिक चिकटतं. लाईट चालू असताना पाणी अजिबात मारायचं नाही. कोरडी माती, वाळू किंवा एबीसी पावडरचं अग्निशामक नळकांडं वापरा. पीव्हीसी जळताना निघणारा धूर विषारी आणि झोंबणारा असतो, त्यामुळे दोन मिनिटांत आटोक्यात आलं नाही तर दार लावून घेऊन बाहेर पडा. अग्निशमन दल १०१, किंवा ११२. शेगडी चालू असेल आणि जवळ जाणं शक्य असेल तरच रेग्युलेटर बंद करा. खांबावरून येणाऱ्या वायरीलाच आग असेल तर तिच्या वाटेला न जाता १९१२ वर महावितरणला कळवा.

आग विझल्यावर त्या लाइनीवर पुन्हा लाईट चालू करण्याआधी परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. भिंतीतला सॉकेटही आतून भाजलेला असतो, नुसता बोर्ड बदलून भागत नाही.

जळका भाग कापून उरलेली वायर पुन्हा जोडू नका. ती सगळीच तापून गेलेली असते. टाकून देताना टॉप कापून वेगळा करा, नाहीतर चांगली दिसते म्हणून कुणीतरी ती उचलून गोठ्यात लावतो.